उर्वशीचा हाराचा फोटो

तुम्ही हसाल, पण माझ्या घरातल्या सर्व्हरची वायर मी उपटून ठेवलीय. का, ते ऐका.

बाभुळगावला धावजीच्या फोटो स्टुडिओत मी गेलो ते साध्याच कामाला. दुकानातला आणि मागच्या घरातला, असे दोन कॉम्प्युटर एका सामायिक डिस्कला जोडायचे होते. कापसाच्या कर्जानं शेतकरी खाल्ले, ती वर्षं. लग्नाच्या ग्रुप फोटोतून गेलेल्याचा चेहरा कापायचा, निळ्या पडद्यावर बसवायचा, वर हार चढवायचा, हे काम तिथं उर्वशी करायची. सहा वर्षं तिनं अर्धा तालुका हारात बसवला आणि चार दिवसांच्या तापात स्वतःच गेली.

जोडणीआधी दुकानातला तिचा जुना कॉम्प्युटर मी पुसून कोरा केला. कुणाला विचारलं नाही.

दुपारी तिची आई आली, रुखमाबाई.

"भाऊ, पोरीचा एखांदा फोटो द्या. भितीले लावाले कायीच नाही माह्याजवळ."

धावजीनं माझ्याकडं पाहिलं. "तिच्या कॉम्प्युटरात होता नं, रवी?"

"नव्हता," मी म्हणालो.

साफ खोटं. पुसण्याआधी मी तो पाहिला होता. चांगली हसत होती त्यात.

म्हातारी गेली, आणि नव्या सामायिक डिस्कवर एक फाइल उमटली. निळा पडदा, झेंडूचा हार, खाली उर्वशीचं नाव. चेहऱ्याच्या जागी भोक.

"तू केलं काय बे?" धावजीनं विचारलं.

"म्या कायले करू..."

मागच्या घरातून कुणी टाकली असेल म्हणून पाहायला गेलो, तर घराला कुलूप होतं. कुलूप काढलं, तर आतला कॉम्प्युटर बंद होता. आम्ही परत आलो तर त्या भोकात कुठल्याशा नवरदेवाचा चेहरा. मग तो गेला, दुसऱ्या बाईचा आला. तोही गेला.

"शोधून राह्यली ते..." धावजी पुटपुटला.

पुसलेलं कधीकधी परत काढता येतं, म्हणून उर्वशीच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क मी यवतमाळला नेऊन घरच्या सर्व्हरला जोडली. दया कमी, स्वतःचं खोटं झाकायची घाई जास्त. तिच्यातून काहीच निघालं नाही. पण त्याच सर्व्हरवर आमचे घरचे फोटो होते. सकाळी पाहिलं, तर माझ्या लेकीच्या, सुरभीच्या वाढदिवसाच्या फोटोत केक होता, फ्रॉक होता आणि मानेच्या वर चेहऱ्याच्या जागी भोक होतं.

उन्हातान्हात रुखमाबाईचं घर गाठलं. सगळं कबूल केलं. ती मात्र शांत होती. भिंतीवर फ्रेम होती, हारासकट, आणि हारात माझी सुरभी.

"दारात ठेवेल होता. लहानपणचा हाय उर्वशीचा... आता नेऊ नोका, भाऊ."

मी हात पुढं केला. ती फ्रेमच्या आड उभी राहिली.

सुरभीच्या तापाचा आज तिसरा दिवस आहे.