सतरावा खिळा

ताईला बेटावरचे शहर दाखवायचे, हे काम मी अकरा वर्षे पुढे ढकलत आलो होतो. वसंतात तिथे आठवडाभर उत्सव चालतो. नावा सजवतात, प्रत्येक खिडकीत फुलांच्या कुंड्या मांडतात. आई गेल्यावर मला वाढवले ते ताईने, आणि माझे शिक्षण व्हावे म्हणून स्वतःचे अर्ध्यावर सोडले तेही तिनेच. बदल्यात तिने एवढे एकच मागितले होते. तिचे गुडघे पार कामातून गेले, तेव्हा मला सवड झाली.

लाँचवर हजेरी घेणारा माणूस प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला पत्र्याचा बिल्ला घालत होता. केबिनच्या भिंतीवर चाळीस खिळ्यांची फळी होती. परतताना ज्याने त्याने आपला बिल्ला आपल्या आकड्याच्या खिळ्याला अडकवायचा. खिळे भरले की लाँच सुटणार. चेहरे लक्षात ठेवायला त्याला फुरसत नव्हती.

"हरवला तर बेटावरच संसार थाटायचा हं, आजी," तो म्हणाला.

"थाटीन की. या पंडिताच्या तावडीतून तरी सुटेन."

ताई मला कधीच नावाने हाक मारत नसे. तिचा बिल्ला सतरा, माझा अठरा. दोरी लांब होती म्हणून तिने तिला दुहेरी गाठ मारली.

दुपारपर्यंत आम्ही दोघेही थकलो. ढोल, गर्दी, तापलेली फरशी, आणि जिथे पाहावे तिथे पायऱ्या. प्रत्येक पायरीला ताई "आई गं" म्हणे आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवी. शेवटी घंटाघराखालच्या एका गल्लीत दगडी बाक दिसला आणि ती त्यावर अक्षरशः कोसळली. गल्लीत ऊन नव्हते. उत्सवाचा आवाज तिथे येता येता जणू पाण्याखाली जात होता. कुजक्या ओल्या लाकडाचा वास होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी डोळे मिटून, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चपलांवर मिठाचा पांढरा थर होता; गळ्यात काळी पडलेली दोरी, पदराखाली गेलेली. इथलीच कोणी असेल, असे मला वाटले.

"तू वर जाऊन ये," ताई म्हणाली. "मी इथून हलत नाही." दोरी मानेला काचत होती, म्हणून बिल्ला काढून तिने शेजारी बाकावर ठेवला.

घंटाघरात जुने शिलालेख होते. तासाभराने मी उतरलो, तेव्हा बाकावर ताई एकटीच होती, मूठ मिटून बसलेली. मी काही म्हणण्याआधीच ती उठली. गुडघ्यावर हात न टेकता उठली.

धक्क्यापर्यंत ती माझ्या दोन पावले पुढे चालत होती. वाटेत एकोणतीस पायऱ्या होत्या. मी मोजल्या, कारण ती एकदाही "आई गं" म्हणाली नाही.

लाँचवर सगळे पाय सोडून बसले होते. फळीवरचे खिळे भरले. ताईने सतराव्या खिळ्याला काळ्या पडलेल्या दोरीने जे अडकवले ते पितळेचे होते, आकडा झिजून सपाट झालेले. हजेरीवाल्याने ते उलटेपालटे करून पाहिले.

"हे तर जुने... आमचे पितळी बिल्ले बंद होऊन कैक वर्षे झाली." त्याने आवाज खाली आणला. "काका, या तुमच्याबरोबरच्याच ना? नसतील तर थांबवतो लाँच."

माणसाच्या जागी त्याच्याच रूपात दुसरे कोणी घरी येते, अशा लोककथा मी जन्मभर गोळा केल्या. अशा बहुतेक कथांत घरच्यांना शंका फार उशिरा येते, यावर माझा एक प्रदीर्घ निबंधही आहे. तो निबंध चुकीचा आहे. शंका लगेच येते. पण अडतीस माणसे घरी जायला आसुसलेली असतात, आपल्या पोटऱ्या दुखत असतात, पुन्हा त्या पायऱ्या चढायच्या असतात, आणि समोरचा चेहरा तर तोच असतो. कथा सांगणारे हा भाग गाळतात.

"हो," मी म्हणालो. "माझी ताईच आहे."

ती पाण्याकडे पाहत होती. लाँच सुटली.

त्याला आता वर्ष होईल. घरी सारे सुरळीत आहे. ताई स्वयंपाक करते, जिना चढते, उतरते. बोलते कमी, आणि त्या दिवसापासून तिने मला पंडित म्हणून हाक मारलेली नाही. मीही विचारलेले नाही.

काल दुपारी त्या हजेरीवाल्याचा फोन आला. हजेरीच्या वहीतून नंबर काढला म्हणाला. यंदाच्या उत्सवाच्या तयारीसाठी तो बेटावर गेला, तेव्हा घंटाघराखालच्या बाकावर सतराचा पत्र्याचा बिल्ला सापडला. त्याने तो आणून खिळ्याला अडकवला. सकाळी खिळा रिकामा, बिल्ला पुन्हा बाकावर. असे चार वेळा झाले. कोणी थट्टा करत असेल म्हणून त्याने दोरी कापून टाकली आणि नुसता पत्रा खिशात ठेवला.

"आज तो खिशात नाही, काका," तो थकल्या आवाजात म्हणाला. "बाकावर आहे. नवी दोरी आहे त्याला... दुहेरी गाठीची. तुम्ही एकदा येऊन जाता का?"

मी उत्तर देण्याआधी जिन्यावर पावले वाजली. न थांबता, एकसारखी, खाली येणारी. ओल्या लाकडाचा वास दारापर्यंत आला.

"कोणाचा फोन?" तिने विचारले.

माझे गुडघे हल्ली फार दुखतात. त्या पायऱ्या आता मला चढवणार नाहीत.

"चुकून लागला होता," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.