ओसरीतली रिकामी खाट

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा आणि रात्रीचं नाटक आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सिहोऱ्याजवळच्या त्या गावात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कृष्णरावांचा सतरा वर्षांचा ईश्वर गोठ्यातल्या तणसात, धानाच्या पेंढ्यात, उताणा मरून पडला होता. गळ्यापर्यंत तणस नीट पांघरलेलं. उलटी श्वासनळीत गेली, असं डॉक्टर म्हणाले.

जमादार वासुदेवराव गुमान बघत राहिले. पोराच्या सदऱ्यावर, दोन्ही काखांखाली, गुलालाची पुसट बोटं उमटली होती.

"धनीरामनंच मोहाची दारू पाजून मारलं माझ्या पोराले," कृष्णराव म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण शब्द मोठ्या घरचा, म्हणून ईश्वरचा दोस्त धनीराम हाताला दोरी बांधून बसला होता. खुनाचा गुन्हा त्याच्यावर लागणार, हे त्यालाही कळत होतं.

"काहून पेले रे?" जमादारांनी विचारलं.

"नाटकाले जायच्या आधी सारेच पेतेत जी. थंडी होती. त्यानं जास्त घेतली, उभा राहेना. मी त्याले इथंच त्याच्या घरी ओसरीतल्या खाटेवर कुशीवर झोपवलं अन् गेलो."

"तवा नाटक सुरू होतं?"

"नाई जी. उद्घाटनबी नव्हतं झालं."

"मंग तणसात कोणं नेलं?"

"मले नाई मालूम." पोरगं रडतही नव्हतं.

जमादारांनी त्याचे हात, कपडे पाहिले. मग ते ओसरीत आले.

"कृष्णराव, राती नाटकाच्या उद्घाटनाले गुलाल कोणाले लावला?"

"मलेच. यंदा मानकरी मी एकटाच."

"मधात घरी आलते?"

"नाई. पहाटपावेतो तिथंच होतो."

जमादार खाटेवर टेकले. त्यांना या क्षणी काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"पोरगा इथं निजला तवा गुलाल उघडलाच नव्हता. मंग त्याले काखेत धरून उचलणाऱ्याच्या बोटाले तो आला कुठून? धनीरामच्या अंगावर कण नाई. तुमच्या कपाळावरचा मात्र हातानं पुसलेला दिसून राहिला. तुमची पोरगी पाहाले आलेले सोयरे नाटकाहून येऊन इथंच झोपणार होते. नाई का?"

कृष्णरावांचा हात कपाळाकडे गेला.

"पेलेला पोरगा दिसला असता तं सोयरीक मोडली असती. म्हणून गोठ्यात नेऊन उताणा ठेवला, तणस पांघरलं. घोरत होता जी तो. वाटलं, उतरल सकाळपावेतो."

"घोरत नव्हता. गुदमरून राहिला होता."

जमादारांनी धनीरामची दोरी सोडली. तो उठला नाही.

आतल्या दारात ईश्वरची आई, सुलोचनाबाई, केव्हाची उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी घरातच होती," ती म्हणाली. "मले काहून नाई उठवलं?"