दाभोळची अकरा नावे

सन १९४३च्या मार्च महिन्यातील त्या पहाटे थेम्स नदीवरचे धुके विरत गेले, आणि साडेतीन वर्षांच्या वेढ्याने गांजलेल्या एखाद्या बलाढ्य किल्ल्याप्रमाणे लंडन शहर उघडे पडले. आकाशात शत्रूची विमाने अडवण्यासाठी तारदोरांनी जखडलेले राखाडी फुगे, रस्त्यांच्या दुतर्फा छपरे गमावलेल्या घरांच्या रांगा, आणि मधोमध, वाळूच्या पोत्यांची तटबंदी चढवलेले नभोवाणीचे केंद्र. येथून चाळीसएक भाषांत शब्दांचा मारा चाले. त्यांतला मराठीचा मोर्चा वासुदेव टिपणीस सांभाळीत.

महाडचे टिपणीस बॅरिस्टरीसाठी विलायतेस आले आणि युद्धाने तेथेच अडकले. दोन वर्षे ते रोज बातम्या वाचीत होते. आरंभी मृतांचे आकडे वाचताना ते अडखळत. पुढे ते अडखळेनासे झाले. आताशा पाच मेले काय नि पाच हजार मेले काय, त्यांचा स्वर तसूभरही हलत नसे, आणि वरिष्ठ याच गुणाची वाखाणणी करीत.

सकाळी दहाच्या सुमारास पहारेकऱ्याने निरोप आणला की दरवाज्याशी कोणी हिंदी खलाशी खोळंबला आहे.

खलाशी पन्नाशीचा होता. अंगावर कुणाचा तरी उसना कोट, आणि डाव्या हाताची बोटे हिमाने काळी पडलेली. "मी अब्दुल गफूर परकार, दाभोळचा," तो म्हणाला. "कॅसलडेल जहाजाचा सरंग, खलाशांचा म्होरक्या."

टिपणीसांना ते जहाज ठाऊक होते. तीनच दिवसांपूर्वी शत्रूच्या नभोवाणीने मराठीतून डंका पिटला होता, की कॅसलडेल बुडाले आणि त्यावरचा एकूण एक माणूस तळाला गेला.

"माझ्यासकट दाभोळची चोवीस माणसं होती," सरंग म्हणाला. "अकरा वाचलो. उत्तरेच्या बंदरात उतरवलंन आम्हाला. गावात शाळेत रेडिओ आहे, साहेब. सगळा गाव बसतो ऐकायला. चोवीस घरांत आकांत झाला असेल. अकरा घरांचा तरी थांबवा."

त्याने इस्पितळाच्या कागदाचा तुकडा पुढे केला. टिपणीसांनी नावे देवनागरीत उतरून घेतली. दहा झाली.

"अकरावं?"

"माझं. शेवटी घाला. सरंग शेवटी उतरतो."

टिपणीस ती यादी घेऊन थॉर्नबाईंकडे गेले. मिस अ‍ॅग्नेस थॉर्न या मराठी विभागाच्या तपासनीस. त्या नगरकडच्या एका मिशन-इस्पितळात वाढल्या होत्या आणि मराठी अस्खलित बोलत. वाचन चालू असता संहिता हाती धरून त्या काचेपलीकडे बसत, आणि त्यांचे बोट एका कळीवर असे. ती कळ दाबली की वाचणाऱ्याचा आवाज समुद्रापार जाण्याआधीच तुटे.

बाईंनी यादी दोनदा वाचली.

"टिपणीस, हे जाणार नाही. जहाज बुडाल्याचे सरकारने कबूल केलेले नाही. शत्रूने अंधारात धोंडा भिरकावला आहे, आणि तो लागला की नाही हे आपल्या तोंडून ऐकण्यास तो कान टवकारून बसला आहे. त्याच वाटेने उद्या आणखी जहाजे यायची आहेत."

"अकरा जिवंत माणसांची घरे सुतकात आहेत, बाई."

"आणि त्या जहाजांवर किती माणसे असतील?"

बाईंचे म्हणणे रास्त आहे हे टिपणीसांना पटत होते. सरंगाचेही रास्त होते.

"मी या कामावर इमानाची शपथ घेतली आहे," बाई हळू म्हणाल्या. "एक शब्द जरी संहितेबाहेर गेला, तरी मी कळ दाबीन. तुम्ही मला त्या प्रसंगात टाकू नये, एवढीच विनंती."

दुपारी अडीच वाजता, म्हणजे दाभोळला दिवेलागण होऊन गेल्यावर आठाच्या ठोक्याला, तांबडा दिवा लागला. टिपणीसांनी ट्युनिशियाची लढाई वाचली, रशियातली वाचली, धान्याच्या नव्या नियमांविषयी वाचले. शेवटचे पान संपले. पुढे फक्त 'बातम्या संपल्या' एवढेच म्हणावयाचे होते. त्यांना भीती वाटत नव्हती, आवेशही नव्हता. आपलेच हात खिशातला कागद उलगडत आहेत हे ते परक्याचे पाहावे तसे पाहत होते.

"दाभोळच्या मंडळींनी ऐकावे. पुढील इसम जिवंत व सुखरूप आहेत. दाऊद हसन मुकादम. इस्माईल शेख अली वस्ता. रघुनाथ भिकाजी पालशेतकर..."

काचेपलीकडे बाईंनी मान वर केली. बोट कळीवर होते. चौथे नाव गेले, पाचवे गेले. बाईंचे डोळे मिटलेले होते. सहावे. सातवे. आठवे.

मग तांबडा दिवा विझला.

टिपणीसांनी उरलेली तीन नावेही वाचली. ती त्या खोलीतच राहिली.

बाई आत आल्या. "मी फार वेळ थांबले," एवढेच त्या म्हणाल्या, आणि स्वतःचा अहवाल लिहावयास बसल्या. त्यात त्यांनी आपला विलंबही लपवला नाही.

सरंग पहारेकऱ्याच्या बाकावर बसून होता. "पोचली?"

"आठ."

"आठ तर आठ," सरंग म्हणाला, त्याने सलाम केला आणि स्टेशनाची वाट धरली. पंधरवड्यात तो दुसऱ्या जहाजावर चढला.

टिपणीसांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली; थॉर्नबाईंची बदली झाली. त्या आठ नावांवरून शत्रूला काही उमगले की नाही, हे कधीच कुणाला कळले नाही. उद्याची जहाजे मात्र बंदराला लागली.

ऑगस्टात, केंद्राने पुढे धाडलेले एक पत्र टिपणीसांना मिळाले. दाभोळच्या शाळामास्तरांनी लिहिले होते:

"शत्रूचा रेडिओ गावात कुणी खरा मानला नव्हता. चोवीसही घरे आशेवर होती. आपण आठ नावे वाचलीत आणि आवाज थांबला. आठ घरांत गूळ वाटला गेला. उरलेल्या सोळा घरांनी लंडनचे ऐकले, आणि आपली माणसे गेली असे धरले. परकार सरंगांच्या कुटुंबाने त्याच रात्री बांगड्या काढल्या व त्या विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीस बसल्या. पुढे कंपनीचा कागद आला, की सरंग व आणखी दोघे हयात आहेत. इद्दतीचे नऊ दिवस तेवढे उरले होते. मी कागद त्यांना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचावयास सांगितला, आणि मग पडद्याआडून विचारले, हे लंडनने सांगितले आहे काय?"

टिपणीसांनी पत्र घडी घालून टेबलावर ठेवले. चहा निवला होता; त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.