फाट्यावरचा फोटो

चैत्रात ऊन असं तापलं की पंचफुलाबाईंचा जीव कासावीस व्हायला लागला. रत्नमालानं सासूच्या खाटेशी कूलर आणून ठेवला. सॉकेट एकच, आणि त्यात तिच्या नवऱ्याच्या, प्रसेनजितच्या, डबीएवढ्या छोट्या संगणकाची पिन. माघात मालेगावहून घरी येताना ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, तो जागीच गेला; तेव्हापासून त्याची म्हणावी अशी हीच एक वस्तू घरात चालू होती. पिन धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मग काढली.

त्या डबीत त्याचे सगळे फोटो होते. शिरपूरच्या संयम नावाच्या मित्रानं आणि काही दोस्तांनी मिळून एक सोशल नेटवर्क चालवलं होतं. कुण्या कंपनीचं नाही. ज्याची त्याची यंत्रं, एकमेकांना जोडलेली. प्रसेनजित तिथं फोटो चढवत नसे, पोस्टमध्ये नुसता डबीतल्या फोटोचा पत्ता, म्हणजे लिंक, टाके. "फोटो आपल्याच घरी राह्यले पायजे," म्हणायचा.

दुपारी तिनं मोबाइलवर त्याचं पान उघडलं. सगळ्या चौकटी राखाडी, रिकाम्या. डबीच बंद, म्हणून ते तिला अपेक्षितच होतं. फक्त शेवटची चौकट भरलेली होती. शेवटच्या सकाळी त्यानं ओट्यावर वाळत घातलेल्या तुरीचा फोटो टाकला होता. आता तिथं तूर नव्हती. बाभूळ होती, मोडका कठडा होता. ट्रक आला तेच वळण.

तिनं संयमला बोलावून घेतलं. त्यानं आपल्या मोबाइलवर पाहिलं. तोच फोटो.

"वहिनी, हा याच डबीतून येऊन राह्यला. पत्ता इथलाच हाये."

"अन् डबी तं बंद हाये."

संयम लोंबणाऱ्या वायरीकडे पाहत राहिला. "पोस्टच काढून टाकू का?"

"नोको."

चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फोटोत वळणाच्या पुढचा रस्ता होता. मग नाल्यावरचा पूल. मग वीटभट्टी. कुणीतरी पायी येत होतं. रत्नमालानं प्रसेनजितचा टॉवेल धुऊन दोरीवर टाकला. भाकरी एक जास्त थापू लागली.

फोटो घराजवळच्या, किन्हीराजाच्या फाट्यापर्यंत आला आणि थांबला. पाटी, बंद पडलेली चहाची टपरी. रोज तेच, फक्त ऊन बदलायचं. अख्ख्या तालुक्याची जमीन मोजलेला माणूस, आणि त्याला घराकडचा रस्ता आठवत नव्हता. माघात ती अशी रडली नव्हती.

एका संध्याकाळी तिनं भाजी अर्धी चिरून ठेवली आणि चपला घातल्या.

"आई, येतो मी जराशी."

फाट्यावर ती टपरीसमोर उभी राहिली, चौकटीत येईल अशी.

"प्रसेन, चाल. घरी चाल."

कुणी नव्हतं. तिनं पान पुन्हा उघडलं.

फोटोत तिचं स्वयंपाकघर होतं. विळी. अर्धी चिरलेली भाजी.

पुन्हा उघडलं. खाट. पंचफुलाबाईंचा चेहरा, अगदी जवळून. मोतीबिंदूनं पांढुरलेले डोळे वर लावून त्या हसत होत्या.

तिनं घरी फोन लावला.

"कुठी हायेस वं तू?" सासूबाई म्हणाल्या. "प्रसेन केव्हाचा आला. साऱ्या घरात तुले पाहून राह्यला."

"त्याले बसवा, आई! जाऊ देऊ नोका! मी फाट्यावर हाये, आलीच!"

ती धावत सुटली. एक चप्पल वाटेतच राहिली.

घरात कूलरचा आवाज होता. पंचफुलाबाई खाटेवर उठून बसल्या होत्या, एकट्याच.

"आत्ताच गेला, माय. तू फाट्यावर हायेस म्हनलं, तं तुले आनाले गेला."

रत्नमालानं मोबाइलवर पान उघडलं. पुन्हा फाटा. पाटी, टपरी, कलतं ऊन. टपरीसमोर कुणी नव्हतं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याची लांब सावली पडली होती. दोन्ही हात तोंडाशी नेलेले, दूरच्या माणसाला हाक मारताना नेतात तसे.