पांढऱ्या तारांचं बारसं

सगळ्या तारा पांढऱ्या, सगळ्या सारख्या जाडीच्या, आणि एकीवरही नाव नाही. यातली शेपटीच्या दिव्याची कोणती आणि पेट्रोलच्या काट्याची कोणती, सांगा बघू? नाही ना येत? मलाही येईना. आणि हा घोळ मीच घातला होता!

झालं असं, की माझे आबा निवृत्त विमान अभियंता. त्यांनी आणि मी आमच्या शेडमध्ये खरंखुरं विमान बांधलं. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं घासूनपुसून पूजतात. मग विमानानं काय घोडं मारलंय? मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तारासुद्धा लख्ख पुसल्या. आबांनी पेननं लिहिलेली नावं बोळ्यावर उतरली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी तपासणी अधिकारी येणार, आणि त्या हो म्हणाल्या तरच विमानाचं सीमोल्लंघन. मला रडूच कोसळलं.

"अगं वेडाबाई, नावं गेली, तारा कुठं गेल्यात? त्यांनाच विचारू की," आबा म्हणाले.

"तारांना विचारा. मला कोण विचारतंय!" आमचा यंत्रमानव चिमट्या कुरकुरला.

आबांनी आधी बॅटरी काढली, तारांची पुढची टोकं सुटी केली आणि मल्टिमीटर (वीज तपासायचं हातातलं यंत्र) माझ्या हाती दिला. त्याला वायरीनं जोडलेल्या दोन काड्या असतात; शेपटीपर्यंत पोचावी म्हणून एकीची वायर आबांनी लांब केली.

"याच्या पोटात छोटासा सेल आहे. वीज एका काडीतून निघून दुसरीतून परत आली, तरच हा वाजतो. अशा पूर्ण वाटेला परिपथ (विजेची अखंड फेरी) म्हणतात. वाट मध्येच तुटली, की वीज जागची हलत नाही."

चिमट्यानं आपला लांबडा हात शेपटीत घातला आणि एक काडी दिव्याच्या तारेला लावली. दुसरी काडी मी पुढच्या एकेका टोकाला टेकवत गेले. गप्प. गप्प. परत गप्प. आणि मग, बीऽऽप!

"सापडली गं बाई!" मी ओरडले.

तिचं नाव छापून तारेभोवती गुंडाळलं, वरून पारदर्शक नळी सरकवली. गरम हवा दिली की ही नळी आकसून घट्ट बसते. मग स्पिरिट काय, तेलसुद्धा नावाला शिवत नाही.

"दिव्याकडच्या टोकाला कशाला नाव? दिवा दिसतोय की," मी म्हणाले.

"आणि दुरुस्तीला दिवा काढला तर? तार भलतीकडे जोडली जाईल. म्हणून दोन्ही टोकांना तेच नाव," आबा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या तारांचं बारसं उरकलं; पंखात जाणारी एक जादा तार सोडून बाकीच्या पुन्हा जोडल्या आणि बॅटरीही बसवली.

सकाळी तपासणीला बारटक्के मॅडम आल्या. पुढचं झाकण उघडून त्यांनी एका तारेवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

आबांनी मला पुढं केलं. मी लेबल वाचलं, "शेपटीचा दिवा."

मॅडमनी त्याचं बटण दाबलं. शेपटीत लाल दिवा लागला!

"लेबलं कुणी लावली?"

"आमच्या राहीनं!" आबांची छाती फुगली. "पुसलीही तिनंच म्हणा."

मॅडम खो खो हसल्या, आणि त्यांनी परवानगी दिली.

पहिल्या उड्डाणाला चालकाशिवाय कुणी बसायचं नसतं. म्हणून आबा एकटेच आत बसले, मी आणि चिमट्या खालीच थांबलो. विमान गावची शीव ओलांडून गेलं, तरी शेपटीचा दिवा दिसत होता. माझी तार! मला इतका अभिमान वाटला, की मी चिमट्यालाच मिठी मारली.

"पण पंखातल्या त्या जादा तारेला पुढं काहीच जोडलेलं नाही. तिला कसलं नाव दिलंस?" त्यानं विचारलं.

"पंखावरचं सौर पॅनेल," मी म्हणाले. "ते मी मोठी झाले की बसवणार आहे."