माशीएवढी माशी

बाल्कनीतल्या गुलाबाची सात पानं कडेने कापलेली होती. पाच काप लांबट, दोन गोल. कुठेही कुरतडल्याची खूण नव्हती. इरावतीने गोल काप पट्टीने मोजला: आठ मिलिमीटर.

“आबा, कात्री कोणी चालवली?”

आबा, म्हणजे तिचे आजोबा, कीटकांचे अभ्यासक. आज मात्र त्यांचं लक्ष दाराकडे होतं. शाळेच्या वाचनालयाचा यंत्रमानव टिपू शेवटचं विचारायला येणार होता. पहिलीच्या मुलांसाठी घराजवळच्या जीवांचं चित्रपुस्तक हवं होतं. आबांनी हाताने चितारलेलं तसं पुस्तक सहा वर्षं कपाटातच होतं. “चित्रं फार लहान आहेत. मुलं उघडतील आणि मिटून ठेवतील,” असं ते म्हणत.

टिपू आला. इरावतीने त्यालाच पान दाखवलं.

“पानं कापणारी मधमाशी,” टिपू म्हणाला. त्याच्या पोटावरच्या पडद्यावर ताटाएवढी माशी उमटली.

“अगं बाई! एवढी?”

“वीसपट मोठी केली आहे.”

“मग तसं सांग ना, ढब्बू! वर्गात तुझी मुंगी मांजराएवढी असते. परवा पहिलीतल्या ओजसला खरी मुंगी चावली, तर विचारतो, ‘ही कोण?’”

तिने कपाटातलं पुस्तक आणलं. त्यात सगळी चित्रं एकास एक प्रमाणात (जीव जेवढा, तेवढंच चित्र) होती. माशीचं चित्र गुलाबाजवळ धरून ती वाट बघत उभी राहिली. हात भरून आला, तरी हलली नाही.

एक राखाडी माशी पानावर उतरली. चित्राएवढीच! तिने जबड्यांनी लांबट तुकडा कापला, पायांत धरला आणि भिंतीतल्या भोकात शिरली.

“त्या तुकड्यांची ती नळी वळते,” आबा हळूच म्हणाले. “आत परागकण (फुलातली भुकटी) आणि मकरंद (फुलातला गोड रस) साठवते, वर एक अंडं घालते.”

“आणि गोल तुकडे... थांबा, सांगू नका! झाकण?”

“झाकण.”

इरावती भोकाकडे वाकली. “आबा, ही तर रोज येते. मी हाकलायचे हिला. आज ओळखली.”

आबांनी चष्मा काढून पुसला.

“शाळेला आज उत्तर हवं आहे,” टिपू म्हणाला. “नाहीतर वाघ-हत्तींचं पुस्तक घ्यावं लागेल.”

“हे घेऊन जा,” आबा म्हणाले. “छापा. आणि एकही चित्र मोठं करायचं नाही.”