एका विमानाची दोन विमानं

"माझ्या नवऱ्यानं माझ्या सख्ख्या भावाचा जीव घ्यायचा प्रयत्न केला, असं फौजदार म्हणतात," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी ते यांना घेऊन जाणार. त्याआधी मला खरं काय ते कळलं पाहिजे. मग ते काहीही असो."

अक्कांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "आणि तुमचा भाऊ काय म्हणतो?"

"इस्पितळात पडलाय. पाय मोडलाय, खांदा मोडलाय. काल हे भेटायला गेले, तर त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. इतकी वर्षं दाजी, दाजी करत यांच्या मागे फिरायचा. मी कुणाच्या बाजूला उभी राहू, सांगा."

त्यांचा नवरा विमानाचा मिस्त्री. धाकटा भाऊ ते विमान उडवायचा, हवेत कोलांट्या मारायचा. दोघं मिळून एका सिनेमात कामाला होते. सिनेमा साहसाचा, पण कंपनी फाटकी. विमानही मिस्त्रीचंच, जुनं, एकावर एक दोन पंखांचं.

"दोघांचं भांडण झालं होतं?" अक्कांनी विचारलं.

"अपघाताच्या आदल्या दिवशी. धाकट्याला पुलाखालून विमान न्यायचं होतं. हे म्हणाले, परत तुझ्या हातात विमान देणार नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. पण अहो, असं ते महिन्यातून दोनदा म्हणतात!"

"आणि दोघं एका सुरात कधी बोलले?"

बाईंना जरा आठवावं लागलं. "साहेबांना शेवटी विमान कोसळताना हवं होतं. साहेब म्हणजे डायरेक्टर, कंपनीही त्यांचीच. तेव्हा दोघं मिळून नाही म्हणाले. मग साहेबांनी खेळण्यातलं विमान आणून दोऱ्यानं पाडलं. ते इतकं हसं झालं की विचारू नका."

कोपऱ्यातल्या खुर्चीत भाऊजी बसले होते. अक्कांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बहीण जाऊन पाच महिने झाले होते. दोन महिन्यांपूर्वी अक्का त्यांच्या घरी आल्या, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, उद्यापासून माझ्याबरोबर चला. तपासाच्या कामात टिपणं काढायला माणूस हवाय." टिपणं अक्का स्वतःच काढत. भाऊजी बरोबर जात, छत्री धरत आणि सहसा चुकीच्या माणसावर संशय घेत.

त्यांचा उजवा कान पार गेलेला होता. बायको नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालायची. आता लोक उजवीकडून बोलत आणि बोलणं वाऱ्यावर जाई.

*

मैदान गावाबाहेर होतं. एका कडेला पत्र्याची शेड, समोरच्या कडेला जेवणाचा लांब तंबू. मधल्या गवतावर विमान उभं राहायचं. पलीकडच्या चरात ते पडलं होतं. नाक जमिनीत, शेपूट वर.

भाऊजींनी विमानाला फेरी मारली आणि थबकले. "अक्का, काळं विमान इकडे पडलंय. मग पलीकडून मला पांढरं दिसलं ते कुठाय?"

"तेच आहे ते." मिस्त्री शेडमधून आला. खांदे पडलेला, दाढी वाढलेला माणूस. "दोन विमानं घ्यायची ऐपत कुणाला? उजवी बाजू काळी रंगवली, ती खलनायकाची. डावी बाजू पांढरी, तिच्यावर सातचा आकडा, ती हिरोची. या अंगानं नेलं की हिरो उडतो, उलट्या अंगानं नेलं की खलनायक त्याच्या मागे लागतो."

"पडद्यावर कळत नाही?"

"पडद्यावर सोडा, आम्हालाच कळेनासं झालंय. सगळे म्हणतात, आज काळं विमान आणा, आज पांढरं आणा. परवा हिरो मला विचारत होता, दुसरं विमान कुठे ठेवता?"

अक्का हसल्या. मग शेपटीपाशी वाकल्या. सुकाणूच्या दोन तारा विमानाच्या दोन्ही बाजूंनी बाहेरून मागे गेल्या होत्या. काळ्या बाजूची शाबूत होती. पांढऱ्या बाजूची, सातच्या आकड्याखाली, तुटली होती. टोक अर्धं गुळगुळीत चमकत होतं, उरलेले धागे विस्कटले होते.

"कानशीनं घासलीय. माझ्याच पेटीतली कानस. इथेच गवतात सापडली," मिस्त्री म्हणाला. "उडताना सुकाणूवर सगळा जोर येतो. तेव्हाच तुटली."

"तुम्ही तारा शेवटच्या कधी पाहिल्या?"

"जेवायच्या आधी. रोज दोन्ही तारांना तेलाचं फडकं मारतो. आधी काळी बाजू, मग पांढरी. तेव्हा दोन्ही धड होत्या. मग नळावर हात धुऊन तंबूत जेवायला गेलो. जेवण झालं की लगेच उड्डाण होतं."

"मधे विमान कुणी हलवलं, फिरवलं?"

"छे! सकाळीच चाकांना ठोकळे लावले होते. खलनायकाचं उड्डाण टिपायचं होतं. कॅमेरा तंबूपाशी, म्हणून काळी बाजू तिकडे करून उभं केलं. ठोकळे काढले ते उड्डाणालाच."

*

कॅमेरावाला जाड चष्म्याचा आणि बोलघेवडा निघाला.

"मी जेवत होतो. समोर काळं विमान उभं, आणि माझ्या पानात माशी. एवढंच आठवतं."

"विमान पडलं तेव्हा सगळे धावले. तुम्ही हँडल फिरवत राहिलात म्हणे."

त्याचा चेहरा पडला. "बाई, कॅमेऱ्यामागे उभा असलो की मी माणूस नसतो. माझी बायकोसुद्धा हेच म्हणते. आणि त्या दिवशी रीळ पण कोरं करकरीत होतं, अख्खं! एरवी साहेब उरलेसुरले तुकडे जोडून देतात. अर्धी हाणामारी झाली की रीळ संपतं. त्या दिवशी एवढ्याशा उड्डाणाला अख्खं रीळ! म्हणाले, संपेपर्यंत फिरव."

"जेवताना साहेब तंबूतच होते?"

"हो की. मधे एकदा मागच्या बाजूनं बाहेर गेले असतील. सगळेच जातात. ताटावर बसून कोण कुणाकडे बघतो?"

हिरो शेडच्या सावलीत उभ्या असलेल्या मोटारीत बसला होता. त्या दिवशीही तिथेच बसलो होतो, म्हणाला. तो विमानात बसला की विमान जमिनीवर असतानाच त्याला उलटी व्हायची. धाकटा त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा.

"राग यायचा?" अक्कांनी विचारलं.

"यायचाच. पोस्टरवर माझं तोंड, टाळ्या त्याला. पण मला साधी सायकल दुरुस्त करता येत नाही हो. तार काय कापणार?"

"जेवणाच्या वेळी कोणतं विमान उभं होतं?"

"पांढरं. मिस्त्री अजून आले नव्हते त्याच्याजवळ. मी टोपी तोंडावर घेतली आणि मला गाढ झोप लागली. उठलो ते धाडकन आवाज झाल्यावरच."

शेवटी साहेब. उंच, नीटनेटका माणूस. त्यानं दोघांना तंबूत नेलं आणि वेताच्या खुर्चीवर हात ठेवला.

"ही माझी खुर्ची. त्या दिवशी सबंध जेवण होईपर्यंत मी हिच्यावरून हललो नाही. मिस्त्रीबद्दल मला वाईट वाटतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलंच पाहिजे. सातच्या आकड्याखाली वाकून तो काहीतरी करत होता. चांगली दोनेक मिनिटं. मी फौजदारांना तेच सांगितलंय. लिहून दिलंय."

"रीळ धुऊन आलं?"

"आजच आलंय. अजून कुणी पाहिलं नाही."

"मग दुपारी शेडमध्येच पाहू या. दारं लावली की अंधार होईल. फौजदारांनाही बोलावते."

साहेबानं शेडच्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. "पडदा नाहीये इथे."

"मी घरून चादर आणते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्या केव्हापासून तंबूच्या दोरीला धरून उभ्या होत्या.

*

वाटेत भाऊजी तावातावानं बोलत होते. "हिरोच, अक्का! कॅमेरावाला म्हणतो काळं, हा म्हणतो पांढरं. सरळ खोटं बोलतोय."

अक्का उजवीकडून काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

त्या पुन्हा म्हणाल्या. भाऊजी थांबले आणि जरा चिडूनच बोलले, "त्या बाजूनं मला काही कळत नाही, अक्का. तिला माहीत होतं ते. कुठे उभं राहिलं की माझ्यापर्यंत काय पोचतं आणि काय नाही, हे तिला सांगावं लागत नव्हतं."

अक्का जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "कुठे उभं राहिलं की काय पोचतं! मी मघापासून नुसती गोल फिरतेय. चला मागे, त्या खुर्चीत बसून पाहू."

*

शेडची दारं लावली. चादर दोन खिळ्यांवर ताणली होती. कॅमेरावाल्यानं यंत्र फिरवायला घेतलं. फौजदार बाकावर, त्याच्या शेजारी मिस्त्री. बायको त्याच्यापासून हातभर दूर उभी होती. ना तिकडे, ना इकडे.

पडद्यावर गवत आलं. मग विमान.

"थांबवा जरा," अक्का म्हणाल्या.

"थांबवलं तर दिव्यानं रीळ जळेल, बाई."

"मग हळू फिरवा. फौजदारसाहेब, हा कॅमेरा तंबूपाशी होता. विमान कोणतं दिसतंय?"

"काळं."

"सकाळपासून ते असंच उभं होतं. काळी बाजू तंबूकडे, पांढरी शेडकडे. कॅमेरावाला तंबूत होता, त्यानं काळं पाहिलं. हिरो शेडच्या बाजूला मोटारीत होता, त्यानं पांढरं पाहिलं. दोघंही खरं बोलले. आता साहेब, तुम्ही तंबूतल्या खुर्चीत होतात. तुम्हाला सातचा आकडा कसा दिसला?"



"आकड्याची चूक झाली असेल," साहेब म्हणाला. "काळ्या बाजूला वाकलेला पाहिला असेन."

"मग तुमच्या साक्षीत राहिलं काय? तार पांढऱ्या बाजूची कापलीय. काळ्या बाजूला वाकलेल्या माणसानं ती कापली नाही. आणि पांढऱ्या बाजूला वाकलेला माणूस त्या खुर्चीतून दिसत नाही. मघाशी भाऊजी विमान उभं असायचं तिथे जाऊन उभे राहिले. मिस्त्रीनं मधे विमानाएवढी ताडपत्री धरली. मी खुर्चीत होते. मला भाऊजींचे फक्त बूट दिसले."

"डावा मळलेला," भाऊजी पुटपुटले. साक्षीला एवढं म्हणायचं, असं अक्कांनी आधीच ठरवून दिलं होतं.

"गंमत अशी की तुम्ही पाहिलं ते खरं होतं," अक्का पुढे म्हणाल्या. "मिस्त्री सातखाली वाकले होते, दोनेक मिनिटंच, तेलाचं फडकं मारायला. ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. पण ते बघायला माणूस शेडच्या बाजूला हवा. हिरो टोपीखाली घोरत होता. राहिलात तुम्ही. तंबूच्या मागून वळसा घालून आलात, मिस्त्री कधी जातात याची वाट पाहिलीत. ते हात धुवायला गेले आणि तुम्ही कानस उचललीत."

"मी? माझ्याच सिनेमाचा सत्यानाश मी कशाला करू?"

"सत्यानाश नाही, शेवट. जो दोघांनी द्यायला नकार दिला होता तो. तुकडे जोडून सिनेमा काढणारा माणूस साध्या उड्डाणाला अख्खं कोरं रीळ देतो आणि संपेपर्यंत फिरव म्हणतो. पुढे काहीतरी घडणार हे त्या मैदानात एकट्या तुम्हालाच माहीत होतं."

"तुम्हीच एका विमानाची दोन केलीत, साहेब," मिस्त्री पहिल्यांदाच बोलला. आवाज बसलेला होता. "सगळ्यांना सवय लावलीत. कोणती बाजू कुठून दिसते, हे तुम्हीच विसरलात."

पडद्यावर विमान धावू लागलं होतं. चाकं सुटली. झाडाच्या उंचीवर शेपूट एकदम वळलं, पंख गवताला लागला, आणि सगळं चरात उलटं झालं. माणसं धावत गेली. चित्र मात्र जराही हललं नाही.

साहेबाची नजर चादरीवरून निघत नव्हती. "जमिनीवर धावतानाच तुटेल असं मला वाटलं होतं," तो हळूच म्हणाला. "थोडं घसरेल, धूळ उडेल, एवढंच. तो वर जाईल असं नव्हतं वाटलं." मग जरा वेळानं, जणू शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतंच, "पण काय आलंय बघा. एकही चौकट वाया नाही गेली."

मिस्त्रीणबाई पुढे गेल्या आणि त्यांनी चादर खस्सकन ओढली. विमानाचं चित्र मागच्या पन्हाळीदार पत्र्यावर वेडंवाकडं पडलं.

"चादर माझ्या घरची आहे," त्या म्हणाल्या. नीट घडी घातली, काखेत मारली आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन बाकावर बसल्या.

फौजदारानं दार उघडलं. उन्हात सगळ्यांचे डोळे दिपले. बाहेर पडताना त्यानं साहेबाच्या दंडाला धरलं होतं.

*

संध्याकाळी इस्पितळात मिस्त्री दारातच घुटमळला. बायकोनं मागून ढकललं. खाटेवरच्या धाकट्यानं या खेपेला तोंड फिरवलं नाही. बहिणीनं आधीच येऊन सगळं सांगितलं होतं. तो छताकडे बघत राहिला, आणि त्याच्या कानशिलांवरून पाणी उशीत गेलं.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "विमान नीट होईल ना?"

"होईल."

"आणि पूल?"

"परत पुलाचं नाव काढलंस तर तुझ्या हातात विमान देणार नाही." मिस्त्री खाटेच्या कडेवर टेकला. त्यानं दाजीच्या हक्कानं पांघरूण सारखं केलं. "आणि रंग एकच लावणार. दोन्ही बाजूंना."

अक्का आणि भाऊजी जिना उतरून रस्त्यावर आले. भाऊजी नेहमीसारखे पुढे निघाले. अक्का दोन पावलं त्यांच्या उजव्या हाताला चालल्या, मग मागून वळसा घालून डावीकडे आल्या.

"उद्या नऊ वाजता," त्या म्हणाल्या. "छत्री आणा."

"ऐकू आलं," भाऊजी म्हणाले.